चंद्र धूसर, मार मला

मी एक प्रिंटर. बोलतो कमी, कुरकुरतो जास्त. आज मात्र सलग बोलणार आहे, कारण माझ्यावर एकदा एका चंद्राचा आळ आला होता.

शुद्धीवर आलो तेव्हा मी इस्रायलमधल्या अश्केलोनच्या एका दुकानात, सवलतीच्या पाटीखाली बसलो होतो. तिथून मला गर्शोनसाबांनी घरी आणलं. साबा म्हणजे आजोबा. हे मूळचे ठाण्याचे. तिथे शाळेत विज्ञान शिकवायचे. इकडे येऊन एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रिटायर झाले, पण शिकवायची खोड काही गेली नाही. घरात त्यांची बायको मलकाबाई, आणि शेजारच्या इमारतीतून येऊन-जाऊन असणारी नात रेऊत.

माझं पहिलं काम म्हणजे मलकाबाईंसाठी घारग्यांची कृती छापणं. "अक्षर आणखी मोठं करा," त्या म्हणत राहिल्या. शेवटी एका कागदावर "गूळ किसून घ्या" एवढंच मावलं.

मग आला २००४ चा ऑक्टोबर. कॅसिनी नावाचं यान शनीच्या टायटन या चंद्राजवळून जाणार होतं. टायटनभोवती नारिंगी धुक्याचं जाड आवरण. त्याखाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साबांना मात्र ठाऊक होतं. आपल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, ज्येष्ठांच्या क्लबात त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या बैठकीला टायटनची जमीन दाखवतो. समुद्रकिनाऱ्यासकट!"

"आणि नाही दिसला किनारा तर?" जुडा म्हणाले. हे त्यांचे मुंबईपासूनचे मित्र, म्हणजे कायमचे विरोधी पक्ष.

"तर माझं क्लबाचं अध्यक्षपद तुझं."

"शनीच्या नादी लागू नका," मलकाबाई म्हणाल्या. "ठाण्याला शेजारच्या वहिनी त्याला दर शनिवारी तेल वाहायच्या, तरी तो ऐकायचा नाही."

यान गेलं, चित्रं आली. मी मन लावून छापलं. कागदावर उमटला एक नारिंगी, धुरकट गोळा.

"हेड चोंदलंय," साबांनी निदान केलं. स्पिरिटच्या बोळ्यानं माझं डोकं पुसलं. पुन्हा गोळाच. मग मला आडवं केलं, हलवलं, पाठीत एक धपाटाही घातला. मी तसाच गोळा काढला. चंद्रच तसा, त्याला मी काय करू?

"साबा, दाय!" रेऊत हिब्रूत ओरडली. पुरे करा म्हणाली, दोष मदपेसेतचा नाही. मदपेसेत म्हणजे मी.

"मग काय यानाचा?" साबांनी मराठीत उत्तर दिलं.

बैठकीला ते चित्र हातोहात फिरलं. मलाही ट्रॉलीत घालून नेलं होतं, साक्षीला. जुडांनी चष्मा वर केला. "यू सी, गर्शोन, हे नरम पडलेलं संत्रं आहे."

"प्रिंटर बिघडलाय!" साबा लालबुंद झाले. "उद्याच्या उद्या कचऱ्यात टाकतो."

माझी शाई गोठली.

चित्र मलकाबाईंकडे आलं. त्यांनी ते नाकाला लावून पाहिलं. "याला काय झालंय? चांगलं तर दिसतंय."

"अगं, धूसर आहे ते!"

"धूसर कसलं? आत्ता जुडाचं तोंड दिसतंय, अगदी तस्संच आहे."

सगळे हसले. रेऊत हसली नाही. ती चार पावलं मागे सरकली आणि तिनं हात वर केला. "सावता, कामा?" आजी, किती?

"बोटं होय ती? मला वाटलं, टाटा करतेस."

साबांनी हळूच विचारलं, "किती दिवस झाले असं दिसतंय?"

"दिवस कसले, वर्षं झाली. मला वाटलं, हमसीन चाललाय."

हमसीन म्हणजे वाळवंटातला धुळीचा वारा. तो दोन-चार दिवसांत जातो. साबांनी त्यांच्या हातातलं चित्र घेऊन जुडांना दिलं. "अध्यक्षपद घे, जुडा," ते म्हणाले. "मला वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली आणि गेली. साबा मलकाबाईंना घेऊन दवाखान्यात होते. दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू! ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर बाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "अहो, केस कुठे गेले तुमचे?"

जानेवारीत यानानं सोडलेली एक छोटी कुपी त्या धुक्यातून थेट टायटनवर उतरली. मी चित्र छापलं, आणि या वेळी जमीन दिसली. किनाऱ्यासारख्या रेघांचंही एक चित्र निघालं. साबा ते घेऊन जुडांकडे धावणार होते, पण मलकाबाईंनी जमिनीचा कागद आधी ओढून घेतला.

"गोटे आहेत. पाण्यानं घासलेले."

"तिथे पाणी वाहत नाही गं. मिथेन वाहतो."

"मग मिथेननं घासलेले. पण घासलेले."

रेऊत म्हणाली, शास्त्रज्ञही तेच म्हणतायत.

आता माझी शाई बाजारात मिळत नाही. टेबलावर नवा प्रिंटर आलाय आणि मी घरातल्या सुरक्षित खोलीत, पाण्याच्या बाटल्यांशेजारी आहे. रॉकेटहल्ल्याचा सायरन वाजला की दोघं इथे येऊन दार लावून घेतात. साबा दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतात. मलकाबाई त्यांचे हात आपल्या हातात धरतात आणि म्हणतात, "हं, त्या चंद्राचं काय झालं पुढे?"

"कालच सांगितलं ना?"

"परत सांगा. सावकाश."

आणि साबा शिकवायला लागतात. माझी एकच विनंती आहे, मला या खोलीतून हलवू नका.