अवीची बॅग

नीरेच्या काठावर द्वारकाबाईंच्या दहाव्याचा पिंड ठेवून अर्धा तास झाला, तरी कावळे बाभळीवरून खाली उतरायला तयार नव्हते.

"वैनीचा जीव अविराजात गुतलाय," मोहनरावांचा धाकटा भाऊ महिपती म्हणाला. "युवराज, फोन लाव त्येला. येतो म्हनू दे आईला."

डोकं भादरलेला युवराज महिपतीचा मुलगा. काकूचे दिवस तोच करत होता. चुलतभाऊ अविराज पोलंडमध्ये होता. तिथे राहायचा परवाना अजून हातात यायचा होता, आणि मध्येच देश सोडला तर सगळं मुसळ केरात, असं तो म्हणत होता.

मोहनराव निरवांगीच्या शाळेत तेहेतीस वर्षं मास्तर होते. पोरगा परमुलुखातल्या एका लहानशा गावात मशरूमच्या शेडवर लागला, तेव्हा त्यांनी त्या गावाचा इतिहास त्याच्याकडून खोदून खोदून काढून घेतला. गाव मुळात जर्मनांचं. महायुद्ध संपलं, सरहद्द सरकली, जर्मनांना हाकलून दिलं आणि त्यांच्या घरांत पूर्वेकडून उठवलेली पोलिश माणसं आणून बसवली. एका भिंतीवर रंगाखालून जर्मन दुकानदाराचं नाव अजून दिसतं म्हणे. अविराजच्या घरमालकिणीची आई तिथे एक पेटी घेऊन आली होती. आज ना उद्या परत जायचंच आहे, म्हणून वीस वर्षं तिने ती पेटी उघडली नाही. अख्खं गाव तसंच राहिलं. परक्याच्या घराचं छप्पर कशाला दुरुस्त करायचं, झाड तरी कुणासाठी लावायचं? आता तिथली पोरं जर्मनीला जातात, आणि त्यांच्या जागी आपली.

द्वारकाबाईंनी एवढ्या इतिहासातली फक्त पेटी ध्यानात ठेवली.

"अवी, बॅग उघडली न्हाईस न्हवं?" प्रत्येक फोनला त्यांचा पहिला प्रश्न हाच.

"न्हाय आई. खाटंखाली हाय, तशीच."

तेवढ्या शब्दावर त्या माउलीने चार वर्षं काढली.

व्हिडिओ कॉल लागला. तिकडे नुकतं उजाडत होतं. "आई, दिवाळीला येतो. नक्की येतो," अविराज रडत म्हणाला. महिपतीने फोन पिंडासमोर धरला. कावळे हलले नाहीत.

"आण हिकडं," म्हणत मोहनराव फोन घेऊन बाजूला गेले. पोराच्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीखाली ती निळी बॅग. मुठीला द्वारकाबाईंनी बांधलेला लाल दोरा तसाच होता. झाकण सताड उघडं, आत काठोकाठ माती, आणि मातीत हातभर उंच मिरचीची रोपं.

अविराजच्या ते लक्षात आलं. तो घाईघाईने आडवा सरकला.

"झाकू नगंस," मोहनराव हळूच म्हणाले. "आईनं दिलेलं बी का?"

"व्हय, आबा."

"मिरच्या लागल्या?"

"धा-बारा."

पोरगा खोटं बोलला याचं मोहनरावांना काही वाटलं नाही. पण पोरगा तिथे रुजला होता, आणि आता तो यायचा नव्हता.

"पानी घालत जा," ते म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

परत येऊन ते गुरुजींना म्हणाले, "दर्भाचा कावळा करा."

"दादा, जरा दम धरू की," महिपती म्हणाला. "येतो म्हनलाय पोरगं."

"नगं. किती येळ बसवायचं तिला?"

गुरुजींनी दर्भाला गाठी मारून कावळा केला. युवराजने तो पिंडाला टेकवला, आणि माणसं आपापल्या चपला शोधायला लागली.