सीपीयूची गुरगुर

मास्तरांचा कॉम्प्युटर धड सुरूही होत नव्हता आणि धड बंदही पडत नव्हता. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटायचं आणि लगेच काळोख. मग आपोआप पुन्हा पंखा, पुन्हा चिन्ह, पुन्हा काळोख. चार दिवस हेच चाललं होतं.

त्या कॉम्प्युटरात मास्तरांची दोन वर्षं होती. मूकबधिर मुलांच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूमिती शिकवली. कर्ण, स्पर्शिका, लंबदुभाजक यांना हातांच्या भाषेत खुणाच नव्हत्या. मुलांनीच त्या वर्गात बसून आपल्या हातांनी घडवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर मास्तर एकेक खूण आठवून, एका बोटाने टाइप करत त्यांचा कोश करायला बसले. एकशे चाळीस खुणा झाल्या होत्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

दोष कोणाचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. आदल्या सकाळी सुनेने झाडताना त्यांचं टेबल जरासं सरकवलं होतं. "हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं," ते म्हणाले. "केलंस ना वाटोळं?" सून काहीच बोलली नाही. तेव्हापासून घरात अबोला. मुलगा कामासाठी परगावी, त्यामुळे मध्ये पडायलाही कोणी नाही. ताट समोर आलं की मास्तर चार घास चिवडून उठत.

पाचव्या दिवशी सकाळी सुनेनेच दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावून आणलं आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून गेली. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी टेबलाखालचा सीपीयू बाहेर ओढला, बाजूचा पत्रा काढला, आणि आतून धुळीचे लोकरीसारखे पुंजके बाहेर आले.

"इथे कधी फडकं फिरलं नाही वाटतं?"

"मी फिरवू देत नाही," मास्तर म्हणाले.

बाईंनी रॅमची पट्टी काढून तिच्या कडा खोडरबराने घासल्या. काही फरक नाही. मग हार्ड डिस्क सोडवून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. मिनिटभराने पडद्यावर फायलींची रांग आली, पहिलंच नाव ‘खुणा’. मास्तर खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले.

"सगळं शाबूत आहे, सर. दुखणं दुसरीकडे आहे."

ते त्यांना लवकरच सापडलं. प्रोसेसरवरचा पंखा एका अंगाला कलला होता, कारण त्याला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची खुंटी मोडली होती. "हा नीट टेकत नाही, त्यामुळे खालचा भाग तापतो, आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं," बाईंनी समजावलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "याला कोणी धक्का देतं का? नुसतं टेबल सरकवल्याने हे मोडत नाही. आणि पत्र्यावर इथे, चपलेच्या उंचीवर, पोचा आहे."

मास्तर त्या पोच्याकडे बघत राहिले. दोन महिन्यांपासून सीपीयू गुरगुरत होता. गुरगुर असह्य झाली की ते टेबलाखालून त्याला एक लाथ हाणत आणि तो घटकाभर गप्प बसे. धूळ साचली म्हणून गुरगुर, गुरगुर म्हणून लाथ; आणि धूळ का साचली, तर कोणाला हात लावू दिला नाही म्हणून.

"त्यांना मी काय सांगू?" बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहत विचारलं.

"तुम्ही नका सांगू," मास्तर म्हणाले आणि उठले.

सून ओट्यापाशी उभी होती. मास्तर दारातच थांबले. वर्गात चुकलेल्या पोराला ते जसं उभं करत, तसेच.

"पाय माझाच होता," ते म्हणाले. "मी लाथा मारायचो त्याला."

"ठाऊक आहे, बाबा. आवाज यायचा की इथपर्यंत."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

सुनेने हात पुसले. "तुम्ही दोन वर्षांचं काम गेलं म्हणून बसला होतात. त्यात आणखी ‘तुमच्यामुळेच गेलं’ म्हणून कसं ऐकवायचं? तुमच्या बोलण्याचं तेवढं वाईट नव्हतं वाटलं मला." ती जरा थांबली. "वाटलं होतं, पण निभलं."

"चुकलो मी," मास्तर म्हणाले. या घरात त्यांच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण तिने मान खाली घातली आणि गॅस उगाच बारीक केला.

तासाभरात बाईंनी नवी खुंटी बसवली, आतली धूळ काढली आणि कोशाच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्या. कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा पंख्याचा आवाज कान देऊन ऐकावा लागत होता. जाताना त्यांनी एक पेनड्राइव्ह मुद्दाम सुनेच्या हातात दिला.

दुपारी मास्तर ‘त्रिज्या’वर अडले. खूण शब्दांत नीट उतरेना. त्यांनी सुनेला हाक मारली, तिच्यासमोर एक मूठ धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीपासून हळूच दूर नेलं.

"बघून सांग, काय दिसतं?"

"मधून काठापर्यंत काहीतरी निघालंय," ती म्हणाली.

"हेच लिही," मास्तर म्हणाले आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.