दोन शिखरं

ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि धाकटीच्या बोटांत केसांचा पुंजकाच आला. तिने तो मुठीत लपवला. शेजारच्या खाटेवर भावोजी पायांवर चादरसुद्धा टाकू देत नव्हते. "निखाऱ्यांवर उभा केलाय कुणी तरी," म्हणून कण्हत होते.

दोघांचं दुखणं पोटापासून सुरू झालं होतं. आधी सगळ्यांना वाटलं, काही तरी शिळं खाल्लं असेल. मग पाय जळायला लागले, आता केस गळत होते. डॉक्टरांनी धाकटीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"हे विष आहे, यात मला शंका नाही," ते म्हणाले. "पण कोणतं? नेहमीच्या तपासण्या सगळ्या कोऱ्या आल्या. मला धातूचा संशय आहे. शिसं असलं तर एक औषध, थॅलियम असलं तर दुसरंच. अंधारात दगड मारण्याएवढा वेळ तुमच्या भावोजींकडे नाही. तुमच्याकडे ते यंत्र आहे ना?"

होतं. धाकटी ज्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनावरून ओळखणारं यंत्र, तीच चालवायची. दोघांच्या लघवीचे नमुने घेऊन ती अक्षरशः पळत सुटली.

तिने नमुने स्वच्छ केले. आधी भावोजींच्या नमुन्याचा थेंब केसाएवढ्या तारेवर सुकवला आणि ती तार यंत्राच्या तोंडाशी बसवली. आता आतली हवा पूर्ण काढायची. तार तापली की अणू उडतात, एकेक इलेक्ट्रॉन गमावतात आणि आयन होतात. आयन झाला, की त्याला विजेने ओढता येतं, चुंबकाने वळवता येतं. पण वाटेत हवा असली तर बिचारे तिच्यावरच आपटून भरकटतात.

पंप घरघरत राहिला. हवेच्या दाबाचा काटा उतरत उतरत अर्ध्यावर आला आणि अडून बसला.

"गळतंय कुठं तरी," पंपवाला म्हणाला. यंत्राचे पंप तोच सांभाळायचा. "खोलून बघावं लागेल. उद्या..."

"उद्या नाही!" ती ओरडली. मग तिने हात जोडले. "दादा, माझी बहीण आहे हो. पाया पडते तुमच्या."

पंपवाल्याने स्पिरिटची बाटली उचलली. दोघांनी एकेका सांध्यावर स्पिरिटचे थेंब सोडायला सुरुवात केली. गळतीवर थेंब पडला की काटा दचकतो. सांध्यामागून सांधा गेला, काटा ढिम्म. मध्येच दवाखान्यातून फोन आला: भावोजींना श्वास घ्यायला त्रास होतोय. फोन ठेवून ती पुन्हा वाकली. खालच्या झडपेपाशी काटा एकदम उडाला.

पंपवाल्याने झडपेची चकती बदलली. या वेळी काटा खाली, खाली, अगदी तळाशी गेला.

तिने तार तापवली, आठ हजार व्होल्टचा दाब दिला. आयन सुसाट निघाले. पुढे चुंबकाचं वळण. हलका आयन चटकन वळतो, जड आडदांडासारखा सरळ रेटत राहतो. चुंबकाचा जोर जेवढा ठेवावा, तेवढ्याला एकाच वजनाचा आयन पलीकडच्या फटीतून नेमका पार होतो, बाकीचे भिंतीवर आदळतात. म्हणून ती जोर हळूहळू वाढवत गेली आणि पडद्याकडे बघत राहिली.

रेघ सपाट. सपाट. मग एक बुटकं शिखर उठलं. दिवसभराच्या उलथापालथीत चुंबकाची मोजणी एखाद्या अंकाने सरकली असेल, तर शिसं आणि थॅलियम यांत गफलत व्हायला कितीसा वेळ! आकड्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. पण शिशाचे अणू चार वेगवेगळ्या वजनांचे; त्यांची शिखरं घोळक्याने येतात, शेवटची तिन्ही एकमेकांना खेटून. ती जोर वाढवत गेली. बुटक्या शिखरामागे मोकळी जागा आली. मग दुपटीहून उंच दुसरं शिखर. त्यापुढे काहीच नाही.

दोनच. दोनशे तीन आणि दोनशे पाच, थॅलियमची दोन वजनं.

"थॅलियम," तिने फोनवर सांगितलं. "ताईचा नमुना अजून लावायचाय, पण दोघांना एकच असणार. औषध सुरू करा, डॉक्टर."

"ते औषध इथे नाही," डॉक्टर म्हणाले. "लगेच मागवतो. यायला उद्याची दुपार होईल."

तिने फोन ठेवला आणि ताईचा नमुना तारेवर सुकवायला घेतला.

थॅलियम कुठून आलं, ते डॉक्टरांनी ताईला विचारून काढलं. जुनं उंदीर मारायचं औषध. नव्याने घेतलेल्या घरात, स्वयंपाकघराच्या कपाटात आधीच्या मालकाची बिनचिठ्ठीची बरणी राहिली होती. तळाशी थोडी पांढरी भुकटी. ना वास, ना चव. भावोजींनीच ती मीठ समजून मिठाच्या डब्यात ओतली होती.

संध्याकाळी धाकटी दवाखान्यात परतली. भावोजींनी डोळे उघडले. "सापडलं का गं? आलं कुठून?"

धाकटीने ताईकडे बघितलं.

ताईच पटकन म्हणाली, "शोधतायत अजून. तुम्ही बोलू नका."

"तुला तरी बरं वाटू दे," ते पुटपुटले. "मला वरून मीठ लागतं म्हणून तू बोलायचीस ना, आता आळणी खाईन म्हणतो."

ताईने तोंड फिरवलं. खाटेची कड तिने इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली.

औषध दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. भावोजी सकाळीच गेले होते. ताईला त्या औषधाच्या, निळ्या भुकटीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिचे पाय हळूहळू थंडावत गेले.

काठी धरून पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा ती धाकटीला म्हणाली, "त्यांना सांगितलं नाही, ते बरं केलं ना गं मी?"

"बरं केलंस."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय, ताई."

ताईने मान हलवली, पण पाऊल उचललं नाही. ती तशीच उभी राहिली, धाकटीच्या खांद्यावर सगळा भार टाकून.