तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात वीरेंद्रनं तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं : नीतू. मुर्री गावच्या त्या नवरीला, भूमिकाला, ते आवडलंही. दवनीवाड्याला सासरी आल्यावर सासू, सुशीलाबाई, दिवसभर त्याच नावानं हाका मारायची. वीरेंद्र मात्र "ऐक ना" एवढंच म्हणायचा. लाजत असेल, असं भूमिकाला वाटे.

एका सकाळी शेजारची धुरपता विरजण मागायला आली. इतके दिवस ती मुलाकडे नागपूरला होती, त्यामुळे तिचं हे लग्न चुकलं होतं.

"नीतू, धुरपतेले विरजण दे वं," सासूनं अंगणातून सांगितलं.

धुरपताच्या हातातली वाटी खाली पडली.

"सुशीला! कोणाले हाका मारून राहिली तू?"

सासू गोठ्याकडे निघून गेली. भूमिका वाटी उचलून उभी राहिली. "काय झालं, काकू?"

"तुले कोणी सांगतलं नाई, बाई? नीतू इची पोरगी होय. वीरेंद्रची लहान बहीण. धानाच्या रोवणीत साप चावला तिले. शेताच्या बांधीतच जीव गेला पोरीचा."

भूमिकानं वाटी तशीच खाली ठेवली. लग्न ठरवताना मुलाला बहीण नाही, एवढंच तिच्या माहेरी सांगितलं होतं. जिच्याकडून यानं राखी बांधून घेतली, तिचं नाव यानं बायकोला दिलं? ती चुलीपाशी बसूनच राहिली. भात खाली लागला, तरी तिला वास आला नाही.

दुपारी वीरेंद्र जेवायला आला. तो हात धूत होता.

"तुमच्या बहिणीचं नाव काय होतं?"

त्यानं तांब्या खाली ठेवला. पाणी कोपरावरून गळत राहिलं.

"नीतू. आईनं ऐन मांडवात कानात सांगतलं, हेच नाव लिही म्हणून. सारे पाहून राहिले होते. मले नाई म्हणता नाई आलं."

"मंग त्या नावानं मले हाक काऊन नाई मारत?"

"जमत नाई."

"लिहाले जमलं पण!"

तो न जेवताच गेला.

सुशीलाबाई गोठ्यात शेणाच्या पाटीपाशी बसली होती. भूमिकाला पाहून तिनं पदर तोंडाला लावला. "तिचं नाव घेतलं का लोक चूप होत. माह्याच घरात माह्याच पोरीचं नाव घ्याची चोरी. मले वाटे, हाक मारावी अन् कोणी ओ द्यावी. बस."

"ओ मी देत होती, आई. पण कोणाच्या वाटची देऊन राहिली, हे मले माहीत नव्हतं. मी भूमिका होय. आजपासून दुसऱ्या नावाले ओ देणार नाई."

सासूनं मान डोलावली. त्या दिवशी तीही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पेटीच्या तळातून एक फोटो काढला आणि वीरेंद्रला भिंतीत खिळा ठोकायला लावला. दोन वेण्या घातलेली, डोळे बारीक करून उन्हाकडे पाहणारी पोरगी. वीरेंद्र हातोडी हातात धरून रडला. सासू सांगू लागली, नीतूला कच्ची चिंच किती आवडे, म्हशीला ती कशी घाबरे. भूमिका दाराशी टेकून ऐकत होती. तिचा राग गेला नव्हता. तरी तिनं विचारलं, "अन् शाळेत कशी होती?"