एकमताने चार तुकडे

मी एक जुने सायक्लोस्टाईल यंत्र आहे, आणि मित्रांनो, मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. माझ्यासारखे यंत्र तुम्ही पाहिले नसेल. मेणकागदावर मजकूर टाईप करायचा. त्याला स्टेन्सिल म्हणतात. ती माझ्या ढोलावर ताणून बसवायची, शाईचा रूळ त्यावरून फिरतो, एका बाजूला कोऱ्या कागदांचा ट्रे असतो. मग दांडा फिरवायचा. दर फेरीला एक पत्रक. तासाला हजार काढीत असे मी, फुशारकी नाही.

माझी पहिली पाच वर्षे एका विमा कचेरीत गेली. तिथे मी एकच फॉर्म इतक्या वेळा छापला की झोपेतही तो मला पाठ असे. पुढे कचेरीत नवे यंत्र आले, मी मोडीत निघालो आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत आलो. ही साम्यवादी पक्षाची शाखा होती. एक टेबल, दोन बाकडी, भिंतीवर दाढीवाल्या मूळ गुरूंची तसबीर. मी छापलेले पहिलेच पत्रक वाचून माझे मन भरून आले. त्यात लिहिले होते की कारखाने, जमिनी, यंत्रे कुणा एकाची नसावीत, ती सर्वांची असावीत. विमा कचेरीत मला कुणी असे म्हटले नव्हते.

शाखेतली माणसे चार. चौघांनाही जायचे एकाच गावाला होते, पण वाटेवरून रोज भांडण.

मास्तर शाखेचे प्रमुख. शाळेतून निवृत्त झाले होते, तरी त्यांचा वर्ग सुटला नव्हता. ते लेनिनवादी. कामगार एकटा पगारवाढीपलीकडे पाहत नाही, त्याला वाट दाखवायला तयार माणसांचा, कडक शिस्तीचा पक्ष हवा. वाद हवा तेवढा घाला, पण निर्णय झाला की सगळ्यांनी मुकाट चालायचे, असे त्यांचे मत. निर्णय बहुधा मास्तरांचाच असे.

पोस्टमन ट्रॉट्स्कीवादी. एका देशात क्रांती करून दाराला कडी घालून बसलात तर ती आतून कुजते, कामगारांच्या नावाखाली साहेबलोकच राज्य करू लागतात, म्हणून ती देशोदेशी पसरत राहिली पाहिजे, असे ते सांगत. कंपाउंडर माओवादी. क्रांतीचा कणा खेड्यातला शेतकरी. आधी खेडी हाती घ्यायची, मग शहरांना वेढा द्यायचा, आणि तोही बंदुकीने. हे सांगणारा माणूस दुसऱ्याला इंजेक्शन देताना स्वतःचे डोळे मिटून घेई. वकीलसाहेबांना बंदूक नको होती आणि एकच एक पक्षही नको होता. लोकांची मते मिळवा, कायदे बदला, बाकीच्या पक्षांनाही नांदू द्या, हा त्यांचा मार्ग. युरोपातल्या काही पक्षांनी तो धरला म्हणून त्याला युरोकम्युनिझम म्हणतात. मास्तर त्याला ‘सुधारणावाद’ म्हणत, आणि तोंड असे करीत की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी.

मला मोजायची सवय आहे. फेऱ्या मोजण्यातच आयुष्य गेले. अकरा वर्षांत मी मालकांविरुद्ध चाळीस पत्रके छापली आणि या चौघांनी एकमेकांविरुद्ध लिहिलेली त्रेसष्ट.

एका दुपारी वकीलसाहेबांनी एकट्याने येऊन आपले पत्रक छापले. झाले! सभा भरली.

“यंत्र सर्वांचं आहे, कॉम्रेड. तुमच्या वडिलांनी आंदण दिलेलं नाही!” मास्तर कडाडले.

“सर्वांचं म्हणजे तुमचं, हे आम्ही अकरा वर्षं बघतोय,” पोस्टमन म्हणाले.

“मग कुणालाच एकट्याला वापरता येणार नाही असं करा,” कंपाउंडर म्हणाले.

आणि ठराव झाला. मास्तरांनी ढोल न्यायचा, कंपाउंडरांनी दांडा, पोस्टमननी शाईचा रूळ, वकीलसाहेबांनी ट्रे. चारी हात वर. अकरा वर्षांत एकमताने झालेला हा एकमेव ठराव! मी हादरलो. जी माणसे साऱ्या जगाची संपत्ती एकत्र करायला निघाली होती, त्यांनी पाने-पेचकस काढून अर्ध्या तासात मला सोलून ठेवले.

माझा सांगाडा टेबलावर राहिला आणि मी चार घरी नांदू लागलो. ढोल मास्तरांच्या ट्रंकेत गेला. दांड्याने कंपाउंडरांची आई कोळसा फोडू लागली. रूळ पोस्टमनच्या माळ्यावर चढला. ट्रेमध्ये वकीलीणबाईंनी कपड्यांचे चिमटे ठेवले.

सात महिन्यांनी, एका रविवारी सकाळी सुताच्या कारखान्यातली एक बाई शाखेत आली. ती कांड्या भरण्याच्या खात्यात होती. सगळे तिला ताई म्हणत. हातात स्टेन्सिल होती, तिथल्या टायपिस्ट मुलीने गुपचूप टाईप करून दिलेली. माझा सांगाडा पाहून ती तशीच मागे फिरली. चार घरे फिरून चौघांना, चार तुकड्यांसह, खोलीत हाकून घेऊन आली.

“उद्या दहाला मालक एका कागदावर सह्या घेणार आहेत,” ती म्हणाली. “जो सही करील तो कामावर राहील. पण कागदाच्या मागं बारीक लिहिलंय की संरक्षक जाळी काढलेल्या यंत्रावर मी राजीखुशीनं काम करीन, आणि हात गेला तर दोष माझा. माझी धाकटी बहीण त्याच यंत्रावर आहे. चारशे पत्रकं हवीत मला.”

“बहिणीला तोंडी सांगा की,” वकीलसाहेब म्हणाले.

“सांगितलंय. पण तिची अख्खी रांग सही करायला लागली तर ती एकटी थांबेल होय? सगळ्यांच्या हातात कागद हवा.”

मास्तरांनी स्टेन्सिल उजेडात धरून वाचली. “छान आहे. फक्त शेवटी ‘पक्षाच्या नेतृत्वाखाली’ एवढं घालू.”

“आणि ‘कायदेशीर मार्गानं’,” वकीलसाहेब.

“शेतकऱ्याचं नावच नाही यात!” कंपाउंडर.

“एका कारखान्यापुरतं लिहून काय होतं? जगातल्या कामगारांना...” पोस्टमन.

दुपारचे दोन वाजले. ताईने टेबलावर हात आपटला. “शेवटची ओळच नको! पुढं काय करायचं ते आम्ही रांगेरांगेतून माणूस निवडू आणि बसून ठरवू. आमच्या वतीनं कुणी ठरवायचं नाही.”

पोस्टमनचा चेहरा उजळला. “ताई, याला परिषदवादी साम्यवाद म्हणतात! कारभार पक्षानं नाही, कामगारांच्या निवडलेल्या परिषदांनी करायचा. ही आपल्यातली साम्यवादाची पाचवी शाखा झाली.”

“शाखा नंतर मोजा, भाऊ. आधी दांडा बसवा.”

त्यांनी मला जोडले. मित्रांनो, तो आनंद काय सांगू! ढोल बसला, रूळ बसला, ट्रेमधले दोन चिमटे खाली पडले. ताईने स्टेन्सिल चढवली आणि दांडा फिरवला. पहिल्याच फेरीत स्टेन्सिल घसरली, चुरगळली आणि मधोमध फाटली.

स्टेन्सिल ज्या पट्टीत अडकते, ती घट्ट धरणारा एक छोटा स्क्रू असतो. तो नव्हता. मला सोलताना चौघांनी आपापला भाग कवटाळून नेला. स्क्रू कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. कुणीतरी झाडूने काढला असेल. मी चारशे पत्रके वीस-पंचवीस मिनिटांत काढली असती. त्या दिवशी माझ्याकडून एकही निघाले नाही.

रविवार असल्याने दुकाने बंद. दुसरी स्टेन्सिल नाही. शेवटी चौघे एका टेबलाशी बसून हाताने लिहू लागले. ताई पाठीशी उभी. मास्तर हळूच ‘पक्षाच्या’ लिहू लागले तेव्हा तिने तो कागद ओढून घेतला. दिवेलागणीला तिने गठ्ठा उचलला, मी मोजला होता: एकशे सत्तर. चारशे माणसांना एकशे सत्तर.

दुसऱ्या दिवशी ज्यांच्या हाती कागद पडला त्यांच्यातले बहुतेक थांबले. धाकटीच्या रांगेपर्यंत गठ्ठा पोचलाच नाही. रांग पुढे सरकली आणि धाकटीही तिच्याबरोबर सरकली.

यानंतर चौघे शहाणे झाले असतील, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण पुढच्या दोन महिन्यांत चार सभा झाल्या आणि विषय एकच, स्क्रू हरवला कसा. मास्तर म्हणाले, शिस्त नव्हती. पोस्टमन म्हणाले, प्रमुखाची मनमानी. कंपाउंडर म्हणाले, शहरी आळस. वकीलसाहेबांना गुप्त मतदान हवे होते.

चौथी सभा चालू असताना ताई आली. बरोबर कारखान्यातल्या तिघीजणी होत्या. त्यांनी मला चारी बाजूंनी धरले.

“ताई, यंत्र पक्षाचं आहे,” मास्तर उठत म्हणाले. “ठराव लागेल.”

“करा की. तोवर आम्ही खाली हातगाडीवर ठेवतो.”

चौघांपैकी कुणी हात वर केला नाही, आणि आडवाही आला नाही.

कारखान्याच्या फाटकासमोर कामगारांनी घेतलेल्या खोलीत मला ठेवले. तिथल्या फिटरने दहा मिनिटांत स्क्रू घडवला. नवी स्टेन्सिल चढली: ‘यंत्रांना जाळ्या परत बसवा.’ ताईने धाकटीला पुढे केले. तिने दांडा डाव्या हाताने धरला. मला वाटले, डावखुरी असेल. फेरी नीट गेली, कागद बाहेर आला, आणि तो सरळ करायला तिने उजवा हात पुढे केला. मी मोजायला नको होते, पण सवय. तीनच बोटे.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी त्या दिवशी माझा ढोल जागच्या जागी थिजला. तुमच्यातही उद्या मतभेद होतील. ते जरूर होऊ द्या, माझ्यावरच छापा. पण जी वस्तू सर्वांची आहे तिचे तुकडे घरी नेऊ नका. आणि काही उघडलेच, तर स्क्रू आधी मोजा.