वरच्या ताईंचं पोट

"ताई, पुन्हा खाली?" वॉकीटॉकीतून मुकादमांचा आवाज खरखरला.

"तुळई टेकवलीय नीट. हूकही वर घेतलाय. आता मला उतरू द्याल की इथंच विचारपूस करणार?"

एवढं बोलून वरच्या ताईंनी केबिनचं दार ढकललं आणि शिडीवर पाय टाकला. उंच क्रेन चालवणारी बाई म्हणून सगळं बांधकाम त्यांना वरच्या ताई म्हणायचं. अख्खा जन्म त्या काचेच्या खोलीत गेला होता. खालची माणसं मुंगीएवढी दिसायची आणि ताईंना ती तशीच आवडायची. पण हल्ली पोटानं उच्छाद मांडला होता. मुरडा आला की काम थांबवायचं, लांबलचक शिडी उतरायची, धावत जायचं आणि परत चढायचं. तोवर खाली सगळे हात बांधून उभे.

त्या परत आल्या तेव्हा मुकादम शिडीपाशीच थांबले होते. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर बोलणं जास्त लागलं.

"ताई, रागावू नका. ही उंचीची भीती असते. वय झालं की अशी पोटात शिरते, आपल्याला कळतही नाही. पुढच्या महिन्यापासून गोदाम सांभाळा. सावलीत खुर्ची टाकून बसायचं."

"भीती? मला?"

"सुट्टीच्या दिवशी होतो का त्रास?"

ताई तडक शिडीकडे वळल्या. कारण सुट्टीच्या दिवशी पोट अगदी शहाण्यासारखं वागायचं. केबिनमध्ये चढलं की रंग दाखवायचं. ही गोष्ट त्यांच्या मनात कधीची सलत होती आणि आज मुकादमांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. मी खरंच भ्यायला लागले की काय, या विचारानं त्यांचा दिवस नासला.

घरी स्वयंपाकघर नवऱ्याच्या ताब्यात होतं. तो घड्याळजी. दुकान खाली, घर वर. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, संशय आहे ते सगळं बंद करा आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघा. घड्याळजीला हे फार पटलं होतं.

"घड्याळाचं असंच असतं," तो म्हणायचा. "सगळी चाकं काढायची आणि एकेक बसवत जायची. कुठलं अडतंय ते आपोआप कळतं."

दूध गेलं, गहू गेला, डाळी गेल्या. कांदा-लसूण गेले तेव्हा घड्याळजीचा चेहरा बघवत नव्हता. हा माणूस कांदा परतताना गुणगुणायचा. आता उकडलेला भोपळा आणि मऊ भात, मऊ भात आणि उकडलेला भोपळा. बायकोला एकटीला खाववणार नाही म्हणून तोही तेच गिळायचा. पथ्य तिचं आणि पॅन्ट सैल झाली याची! एवढं करूनही चोर सापडेना.

"अहो, तुम्ही तरी चांगलंचुंगलं खा की," ताई म्हणायच्या.

"मला आवडतो भोपळा," तो मान खाली घालून म्हणायचा. धडधडीत खोटं.

मग एका सकाळी ताईंनी कामाचे कपडे चढवले आणि खिसा चाचपला.

"अहो, माझ्या गोळ्या?"

"कसल्या गोळ्या? त्या पेपरमिंटच्या? खिशात राहिल्या आणि कपड्यांबरोबर धुतल्या गेल्या. लगदा झाला होता नुसता. टाकला मी."

ताई करवादल्या, पण उशीर झाला होता, तशाच गेल्या. आणि नेमका त्याच दिवशी वारा सुटला. आधी शीळ घालत आला, मग केबिनच दोन्ही हातांनी धरून हलवायला लागला. हुकाला लोखंडाचा भारा लटकत होता आणि खाली माणसं होती. मुकादम ओरडत होते, माणसं पांगत होती. ताईंनी दात आवळून भारा इंच इंच खाली आणला, मोकळ्या जागेत अलगद टेकवला. मग निरोप आला, शिडीवर पाय ठेवू नका, वारा पडेपर्यंत वरच बसा. बसल्या बिचाऱ्या. पाळणा हलावा तशी केबिन हलत होती. त्यांनी डबा उघडला, भोपळा-भात खाल्ला आणि घास तोंडात असतानाच त्या थबकल्या.

पोट गप्प होतं! सकाळपासून हूं नाही की चूं नाही.

अगंबाई! इतक्या वाऱ्यात पोट शांत, मग ही भीती कसली? भीती असती तर आज शिडीपर्यंतसुद्धा पोचले नसते मी!

संध्याकाळी त्या तडक आहारतज्ज्ञ बाईंकडे गेल्या.

"आज काय वेगळं खाल्लंत?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही हो. तोच भोपळा."

"बरं. मग रोज तोंडात जातं असं काय आज गेलं नाही?"

"काही नाही. आता पेपरमिंटच्या गोळ्या नव्हत्या, पण ते काय खाणं झालं होय?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती खाता?"

ताई ओशाळल्या. खाली उतरायला लागू नये म्हणून त्या वर पाणी बेतानंच प्यायच्या. मग घशाला कोरड पडली की एक गोळी, ती संपली की दुसरी. साखर नको म्हणून धाकट्या बहिणीनं मायेनं बिनसाखरेच्या गोळ्यांची बरणीच दिली होती. शिवाय पेपरमिंट पोटाला चांगलं, म्हणून पोट दुखलं की आणखी दोन! सुट्टीच्या दिवशी घरात पाण्याचा माठ समोर, मग गोळी कोणाला आठवतेय?

"या गोळ्यांत साखरेऐवजी जे गोड घालतात, ते काहींच्या आतड्याला सोसत नाही," बाई म्हणाल्या. "पण खात्री करू. सुट्टीच्या दिवशी घरी बसून मुद्दाम खाऊन बघा. जेवण तेच ठेवा. आणि पाणी प्या हो, भरपूर!"

सुट्टीच्या दिवशी ताई बरणी घेऊन बसल्या. घड्याळजी समोर बसला, डोळ्यांचं भिंग कपाळावर तसंच. ताई गोळ्या चघळत होत्या, तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"काही वाटतंय?"

"अहो, टक लावून बघू नका. उगाच दुखेल."

दुपारी जेवणं झाली. भांडी घासून झाली. आणि एकाएकी ताई ताडकन उठल्या, पोट धरून मोरीशेजारच्या दाराकडे धावल्या. दार धाडकन लागलं.

"काय गं? दुखतंय?" घड्याळजी बाहेरून ओरडला.

"खूऽऽप!" आतून आवाज आला आणि पाठोपाठ खदखदून हसणं. "हाच चोर! सापडला हो, सापडला! मुकादमांना फोन लावा आधी!"

घड्याळजीनं फोन लावला. "साहेब, आनंदाची बातमी! आमच्या हिचं पोट बिघडलंय!"

"काय?" पलीकडून मुकादम ओरडले. मग घड्याळजीनं वाऱ्यापासून गोळ्यांपर्यंत सगळं रामायण सांगितलं. मुकादम म्हणाले, "मग गोदामाला दुसरं कोणी बघतो. ताईंना म्हणावं, त्या दिवशी तो भारा दुसऱ्या कोणाच्यानं उतरला नसता."

ताई बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक होता आणि डोळे हसत होते. घड्याळजीनं त्यांना स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. पोटाला आराम पडू दे, मग उद्यापासून एकेक चाक परत बसवू, असं ठरलं. पण त्याला कुठला धीर! स्वतःपुरता म्हणून त्यानं एक कांदा चिरायला घेतला. तेल तापलं, कांदा पडला आणि घर वासानं भरून गेलं. कितीतरी दिवसांनी तो गुणगुणायला लागला.

"खरं सांगू?" ताई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मी भ्यायला लागले. कोणाला बोलले नाही. तुम्हालाही नाही."

त्याचं गुणगुणणं थांबलं.

"तू नाही गं भ्यायचीस. या घरात ते काम माझ्याकडे आहे. तू पहिल्यांदा चढलीस ना, त्या दिवसापासून. वारा सुटला की मला दुकानात एक स्क्रू बसवता येत नाही."

"इतकी वर्षं? बोलला नाहीत कधी?"

"बोललो असतो तर तू उतरली असतीस."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि कांदा लागायला आला होता म्हणून त्याच्या हातावर हात ठेवून त्यांनी गॅस बारीक केला.