गेनूच्या सुया

पासलीच्या कुंडलिकचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, गेनूचं, बांधावरून असं काही वाजलं होतं की दोघांनी बोलणंच टाकलं. घरांची मधली भिंत एकच. एकाकडे फोडणी पडली की दुसऱ्याला ठसका लागायचा, पण ठसक्यापलीकडे देवाणघेवाण नाही.

फक्त जनावर अडलं तर भांडण बाजूला ठेवायचं, ही गावची रीत होती. आणि जनावराच्या घशात अडकलेलं काढावं तर गेनूनंच. आंब्याची कोय, दोरीचा गुंता, काहीही असो, गडी कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढायचा. म्हणून कुंडलिकची म्हैस लाळ गाळू लागली, पाणी गिळेना, तेव्हा त्याची बायको रतनबाई स्वतःच दिराला बोलवायला गेली.

गेनू आला. भावाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. म्हशीला म्हणाला, "आ कर गं बाई," आणि उघडा हात आत घातला. बराच चाचपला. काहीच सापडलं नाही, उलट दाढेनं हात खरवडून निघाला. लाळ आणि रक्त टॉवेलाला पुसून तो आला तसा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्ह्याहून जनावरांचे डॉक्टर आले. ते गोठ्याच्या दारातच थबकले. "हिला कुत्रं चावलं होतं का?"

रतनबाईला एकदम आठवलं. दिवाळीच्या आधी एका भटक्या कुत्र्यानं म्हशीचं नाकाड फोडलं होतं. तिनं हळद दाबली होती आणि विसरून गेली होती.

"घशात काही नाही अडकलेलं," डॉक्टर म्हणाले. "म्हैस पिसाळलीय. तिला गिळताच येत नाही. रेबीजचा विषाणू लाळेत असतो. ज्यांना लाळ लागलीय त्यांनी ती जागा साबणानं धुवा आणि आजच सुया सुरू करा. जखम असेल त्यानं तर सगळ्यात आधी. रोग एकदा मेंदूत गेला की माणूस हातचा गेला."

रतनबाई तशीच धावली. गेनू ओट्यावर सुपारी कातरत होता. तिनं सगळं सांगितलं, कुत्र्याचंही.

"आज वेल्ह्याला जाऊ? आन् उद्या बांधाची मोजणी हाय, तवा म्या दवाखान्यात पडून ऱ्हाऊ?" गेनू हसला. "वैनी, डाव चांगला हाय. नवऱ्यानं शिकवला व्हय?"

"भावजी, पोरीची आन घेऊन सांगते..."

"निगा हितनं."

घरी कुंडलिक दवाखान्यात जायला कपडे करून बसला होता. म्हणाला, "सांगितलंस न्हवं? मग त्याचं त्यो बघंल." रतनबाईला नवऱ्याची किळस आली. दिराला हाक मारणारी ती होती. कुत्र्याचं न सांगणारीही तीच.

मग तिनं पदर खोचला, भर आळीत उभी राहिली आणि शेजारीपाजारी बाहेर येतील अशा आवाजात ओरडली, "गेन्या, जाऊच नगंस! मर पिसाळून! तुज्या माघारी मंगल एकटी काय भांडनार? मोजणी हू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे, बांध आमचाच!"

गेनूच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. बायकोला म्हणाला, "मंगल, मोजणीला तू हुबी ऱ्हा. हिच्या डोळ्यांदेखत जित्ता ऱ्हातो बघ!" आणि त्यानं दुपारची एसटी पकडली.

रतनबाईनं मोकळा श्वास घेतला खरा, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढच्या सुया चुकवल्या तर पहिलीचा उपयोग नाही. मंगलला खरं सांगावं, तर ते रात्रीपर्यंत गेनूच्या कानात जाणार आणि हा बाबा घरी बसणार. म्हणून सुईची तारीख आली की रतनबाई दारात उभी राहून शिव्या घालायची. गेनू तितक्याच शिव्या मोजून एसटीत चढायचा.

गावानं तिला वाळीतच टाकलं. नळावर बायका तिच्यापासून घागर दूर ओढायच्या. मंगल मोरीचं पाणी मुद्दाम तिच्या अंगणात सोडायची. मोजणीत बांधाची पट्टी गेनूकडे गेली, तरी कुंडलिक बायकोवर खूश होता. "आता खरी माज्या घरची शोभतीस," म्हणाला. हे मात्र तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

शेवटच्या सुईच्या दिवशी ती एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. आता खरं सांगायला हरकत नव्हती. गेनू बाही वर करून उतरला.

"बघ, जित्ता हाय."

"भावजी, त्या दिशी म्या वरडले त्ये..."

"भावजी म्हनू नगंस! पिसाळलेल्या म्हशीच्या तोंडात जाणूनबुजून हात घालाय लावलास. समद्या गावाला ठावं हाय. उद्या ठाण्यात लिवून देतो. तुज्या पोरीला सोयरीक बी मिळू द्यायचा न्हाई." आणि तो तिच्या पायांवर थुंकला.

लोक बघत होते. रतनबाईनं वाकून लुगड्याच्या काठानं पाय पुसला. इतके दिवस घोकून ठेवलेलं सगळं तिच्या जिभेवर होतं. ते तिनं गिळलं.

"मेला असतास तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

महिनाभर ती हेच ओरडत आली होती. आज ती हळू बोलली, आणि मनापासून बोलली. गेनूला त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.